वेध, अंतर आणि बीज : दीक्षितांच्या ग्रंथाचे एक वाचन

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ 1896 साली पुण्यात प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तो बहुधा चुकीच्या कपाटात ठेवला गेला आहे. पुष्कळ ग्रंथालयांत तो पत्रिका-मुहूर्तांच्या पुस्तकांशेजारी सापडतो. अभ्यासक तो उघडतात ते बहुतेक वेदकाल किती मागे नेता येईल हे पाहण्यासाठी. या दोन्ही वाचनांत ग्रंथाचा जो भाग मागे पडतो, तोच आम्हांस आज सर्वांत मोलाचा वाटतो. सिद्धान्तकार आणि करणकार यांची जी लांबच लांब मालिका दीक्षितांनी कालानुक्रमे उभी केली आहे, तिच्यात भाकीत कसे सुधारत गेले आणि मध्येच सुधारायचे कसे थांबले, याचा सविस्तर इतिहास आहे. एका शाळामास्तराने दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसासाठी लिहिलेला हा ग्रंथ आहे, आणि मराठी शास्त्रीय गद्यात त्याची बरोबरी करणारी पुस्तके फार थोडी आहेत.

आज हा इतिहास वाचण्याची निकड वेगळ्याच बाजूने आली आहे. साठवलेल्या नोंदी आणि संगणकीय प्रतिमाने यांच्या बळावर भाकीत सुधारण्याचा उद्योग आता एका शास्त्रापुरता राहिलेला नाही. प्रथिनातील घटकांच्या क्रमावरून त्याची घडी कशी पडेल हे सांगणाऱ्या 'आल्फाफोल्ड'च्या कर्त्यांना 2024 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. 'ग्राफकास्ट' नावाच्या प्रतिमानाने 1979 ते 2017 या काळातील हवामानाच्या नोंदींवरून धडे घेतले आणि 2023 साली दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत काढून दाखवला. दुसरी बाजूही ताजी आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाने नेमलेल्या समितीच्या प्रतिमानाने ऑक्टोबर 2020 मध्ये असे सुचविले होते की साथीचा कळस होऊन गेला आणि फेब्रुवारी 2021 पर्यंत ती ओसरेल. एप्रिल 2021 मध्ये काय झाले ते कोणत्याही घरास सांगावयास नको. आमच्या नियतकालिकांतून या विषयावर जे लिहिले जाते ते एकतर यंत्राचा जयजयकार असते, नाहीतर यंत्राची भीती. दीक्षित तिसराच प्रश्न विचारतात. ग्रंथकार कोण, कोणत्या गावचा, कोणत्या शकाचा, हे सांगून झाले की ते लगेच पाहतात की याने वर्तविलेले आकाशाशी जुळले का, न जुळले तर किती अंतर पडले, आणि ते अंतर त्याने स्वतः मांडले की नाही.

या दृष्टीने ग्रंथातील उत्कृष्ट प्रकरण कोकणातील नांदगावच्या केशव आणि गणेश या पितापुत्रांचे आहे. सिद्धान्तग्रंथ कल्पारंभापासून गणित मांडतो. करणग्रंथ जवळचा एखादा शक धरून, त्या दिवशीची ग्रहस्थाने पायाशी ठेवून, तेथून पुढे मोजतो. केशव दैवज्ञांनी शके 1418 मध्ये, म्हणजे 1496 साली, 'ग्रहकौतुक' हे करण रचले आणि त्यावर स्वतःच टीका लिहिली. त्या टीकेत ते ग्रहांची सिद्धान्तांतून येणारी स्थाने आणि वेधाने दिसलेली स्थाने यांची तुलना करतात, कोणता ग्रह कोणत्या पक्षाने जमतो आणि कोणत्याने जमत नाही ते सांगतात, आणि पुढील गणकांनी नक्षत्रयुती, उदयास्त, ग्रहणे पाहून हे पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे असे बजावतात. आपले गणित जुने होणार, हे ग्रंथातच लिहून ठेवणारा ग्रंथकार दीक्षितांना अतिशय प्रिय आहे. एरवी संयमाने लिहिणारी त्यांची लेखणी येथे उघड आनंदित होते.

मुलाने पुढची पायरी गाठली. गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'चा आरंभशक 1442, म्हणजे 1520 साल. त्यांनी कोणत्याही एका सिद्धान्ताशी निष्ठा ठेवली नाही. सूर्य आणि चंद्रोच्च सौरपक्षाचे घेतले. चंद्रही सौरपक्षाचाच, पण नऊ कलांनी कमी केलेला. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे, बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा, पण पाच अंश वाढवून. शुक्राच्या केंद्रासाठी ब्राह्म आणि आर्य या दोन पक्षांच्या बरोबर मधली किंमत. असे केल्याने ग्रह दृक्तुल्य होतात, म्हणजे डोळ्यांना दिसतात तेथेच गणितात येतात, एवढेच समर्थन त्यांनी दिले आहे. शुक्रापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. दोन प्रतिमाने परस्परविरोधी उत्तरे देत आहेत, दोहोंपैकी एकही पुरते बरोबर नाही, तेव्हा त्यांची सरासरी सत्याच्या अधिक जवळ जाते, हा आजच्या हवामानशास्त्रातील बहुप्रतिमान पद्धतीचा मूळ विचार आहे. पाचशे वर्षांपूर्वी तो एका श्लोकाच्या तुकड्यात सांगून गणेश पुढे गेले.

पण याच ग्रंथाने पुढची वाट अडविली, हेही दीक्षितांच्याच मांडणीतून दिसते. गणेशांनी ज्या-चापांची कोष्टके वगळून साध्या गुणाकार-भागाकारांनी ग्रह काढण्याची सोय केली. अहर्गण फार मोठा होऊ नये म्हणून सुमारे अकरा वर्षांचे, 4016 दिवसांचे चक्र योजले. प्रत्येक चक्रास ध्रुव आणि आरंभीच्या स्थानांचे क्षेपक पाठ केले की काम भागे. (साहित्याच्या अभ्यासकाला क्षेपक म्हटले की पोथीत मागाहून घुसलेली ओवी आठवते, येथे अर्थ उलटा आहे, सगळे गणित ज्यावर उभे ती पहिली विट म्हणजे क्षेपक.) परिणाम असा झाला की ज्याला त्रिकोणमितीचा गंध नाही तोही पंचांग करू लागला. सोय इतकी झाली की आकाशाकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. केशवांनी बजावलेली दुरुस्ती कोणी फारशी केली नाही, आणि 19व्या शतकात ग्रहणांच्या वेळा व ग्रहांची स्थाने प्रत्यक्षाशी जुळेनाशी झाली. आम्हांस वाटते, सोपे आणि अचूक प्रतिमान अवघड प्रतिमानापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण ते अचूक असेपर्यंत त्याच्या आत कोणी डोकावत नाही.

येथून कथा ग्वाल्हेरच्या जवळ येते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 साली युरोपीय आधारांवर 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि 1865 पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. ग्रह आता आकाशाशी जुळू लागले. तरी भांडण मिटले नाही, उलट पेटले. छत्र्यांनी रेवती नक्षत्राचा ठरावीक तारा आरंभस्थानी धरला. त्यामुळे अयनांश रूढ मानापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी झाले आणि काही वर्षी अधिक महिना व सण वेगळे पडू लागले. याउलट ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांचे म्हणणे असे की तारा कोणताही धरा, मूळ गोष्टच चुकते आहे. ऋतू सूर्याच्या सायन स्थानावर चालतात. उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमारास लागते आणि आपण तिळगूळ वाटतो जानेवारीच्या मध्यावर. हे अंतर साधारण 72 वर्षांत एक दिवस या गतीने वाढत जाणार आणि शेवटी वसंतातले सण ग्रीष्मात जाऊन पडणार. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि स्वतः दीक्षित यांनी 1884 च्या सुमारास सायन पंचांग काढण्यास आरंभ केला.

या वादाचे वैशिष्ट्य असे की दोन्ही बाजूंस वेध सारखेच मान्य होते. सूर्य आज कोठे आहे यावर छत्रे आणि लेले यांच्यात मतभेद नव्हता. मतभेद होता तो कशाचे भाकीत करावयाचे यावर. नोंदी कितीही वाढल्या आणि गणित कितीही सूक्ष्म झाले तरी हा प्रश्न त्यांतून सुटत नाही. प्रतिमानाला आपण कोणता प्रश्न विचारतो हे माणसांनी, वाद घालून, ठरवावे लागते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने या वादात घातलेली भर आमच्या गावात फारशी आठवली जात नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून 22 मार्च 1957 पासून जे राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले, त्याचा चैत्र वसंतसंपाताला बांधलेला आहे. म्हणजे लेल्यांचा पक्ष कागदावर जिंकला. घराघरांतले सण मात्र जुन्याच हिशेबाने चालले आहेत.

दीक्षित या वादात स्वतः पक्षकार होते. येथे त्यांच्या गद्याची परीक्षा होते आणि ते तीत उतरते. प्रतिपक्षाचे म्हणणे ते प्रतिपक्षाला पटेल अशा शब्दांत मांडतात, छत्र्यांच्या योग्यतेस कोठेही कमीपणा आणीत नाहीत, आणि मग आपले मत देतात. वाक्ये लांब असतात, पण प्रत्येक उपवाक्य आपले ओझे स्वतः उचलते. विशेषणे थोडी, आकडे पुष्कळ. कित्येक पाने आकड्यांच्या दाटीने कंटाळवाणी झाली आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण जो ग्रंथकार इतरांकडून अंतराचा हिशेब मागतो त्याला आपला हिशेब वाचकापासून लपवून चालत नाही.

एका ठिकाणी मात्र आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. जुन्या गणकांना तपासताना दीक्षित आपल्या काळच्या युरोपीय कोष्टकांना अखेरचा निकष मानतात. त्याच काळी त्या कोष्टकांतही एक अंतर उरले होते. बुधाच्या कक्षेचा नीचबिंदू न्यूटनच्या नियमाने यावयास हवा त्याहून शतकाला सुमारे 43 विकलांनी पुढे सरकत होता. जुन्या रीतीने बीजसंस्कार देऊन, म्हणजे कारण न विचारता तेवढी दुरुस्ती जोडून, हे अंतर सहज झाकता आले असते आणि बुधाचे भाकीत सुधारले असते. ते झाकले गेले नाही म्हणूनच 1915 साली आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वाकर्षण-सिद्धान्ताची पहिली कसोटी त्यावर लागली. बीजाने भाकीत सुधारते, समज सुधारतेच असे नाही. केशव-गणेशांवर लिहिताना हा भेद दीक्षितांच्या हातून निसटला आहे, आणि आजच्या प्रतिमानांविषयी बोलताना तोच सर्वांत आधी करावा लागतो.

आकाशातील ग्रहांपेक्षा पाऊस फार लहरी आहे. भारतीय हवामान खात्याने मोसमी पावसाचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज 1886 साली दिला, तो हिमालयातील बर्फाच्या आधारे. संवत 1956 च्या, म्हणजे 1899 च्या भीषण अवर्षणाची चाहूल खात्याला लागली नाही. त्यानंतर 1904 साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या वायुदाबांच्या नोंदींची भारतातील पावसाशी सांगड घालता घालता ते दक्षिणी आंदोलनापर्यंत पोहोचले. त्यांची दुसरी कामगिरी तितकीशी सांगितली जात नाही. शेकडो नोंदींत संबंध शोधत गेलो तर त्यांतले काही केवळ योगायोगाने जुळलेले दिसणारच, म्हणून सर्वांत चांगल्या जुळणीकडे सर्वांत अधिक संशयाने पाहावे, असे त्यांनी 1914 साली गणिताने दाखवून दिले होते.

हा इशारा पुढे विस्मरणात गेला. 1988 पासून हवामान खात्याने डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान वापरात आणले. युरेशियातील बर्फ, पॅसिफिकचे तापमान, वरच्या थरांतील वारे असे सोळा घटक आणि त्यांवरून देशाच्या एकूण पावसाचा एक आकडा. ते मराठी शास्त्रज्ञांचे आणि पुण्याच्या वातावरणात वाढलेले काम होते. त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते आणि तो वर्षानुवर्षे वाटत राहिला, कारण अंदाज बरोबर ठरत गेले. पण 1989 ते 2001 या तेरा वर्षांत देशव्यापी अवर्षण एकदाही पडले नाही. त्या काळात दरवर्षी डोळे मिटून 'पाऊस सर्वसाधारण' एवढेच म्हणणाराही यशस्वी ठरला असता. खरी परीक्षा 2002 साली झाली. अंदाज होता सरासरीच्या 101 टक्के. पडला 81 टक्के, आणि पेरणीच्या ऐन जुलैत तर जवळपास निम्माच. 2003 मध्ये आठ आणि दहा घटकांची नवी प्रतिमाने आली, आणि 2004 साली तीही चुकली. गोवारीकरांच्या प्रतिमानावर टीका करणाऱ्यांनी नंतर फार सोपी टीका केली. दोष घटकांच्या संख्येत होता त्याहून अधिक तो यशाच्या व्याख्येत होता, आणि ती व्याख्या वाचकांनी, वृत्तपत्रांनी, सरकारांनी सर्वांनी मिळून स्वीकारली होती.

2007 पासून खात्याने एका समीकरणाऐवजी अनेक प्रतिमानांची सरासरी घेण्यास सुरुवात केली. 2009 साली तीही फसली. 96 टक्क्यांच्या अंदाजापुढे 78 टक्के पाऊस झाला. 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू झाले आणि समुद्र व वातावरण यांची भौतिक समीकरणे एकत्र सोडविणाऱ्या प्रतिमानांवर भर आला. 2021 पासून निरनिराळ्या केंद्रांच्या अशा प्रतिमानांचा समुच्चय वापरला जातो. गणेश दैवज्ञांचा शुक्र असा परत आला. 2024 साली 106 टक्के वर्तविले आणि 108 टक्के पडले, हे यश खरे आहे.

पण ते यश कोणाचे, हे आमच्या भागातून पाहिल्यावर निराळे दिसते. 2021 साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या 99 टक्के झाला. भाकीत म्हणून याहून नेटके काही सुचत नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात श्योपूर, शिवपुरी, दतिया, ग्वाल्हेर या पट्ट्यात महापूर आला आणि दतिया जिल्ह्यात सिंध नदीवरचे पूल वाहून गेले. डबऱ्याच्या भातशेतकऱ्याला किंवा मुरैना-भिंडच्या बाजरीवाल्याला देशाच्या सरासरीशी काही कर्तव्य नसते. छत्रे-लेले वादाचे सूत्र येथे पुन्हा हाती येते: कशाचे भाकीत करावयाचे? या प्रश्नाला अलीकडे उत्तर मिळू लागले आहे. मे 2025 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या जाळ्यावर चालणारी अंदाजप्रणाली देशाला मिळाली. आधीचे जाळे बारा किलोमीटरचे होते. त्याच वर्षीच्या खरिपात कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतील सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना त्यांच्या भागात पाऊस केव्हा लागेल याचे अंदाज संदेशाने पाठविले. मोसमी वारे लवकर येऊन मध्येच अडले, आणि ते अडणार हेही त्या अंदाजांत आधी आले होते.

हे संदेश ज्या प्रतिमानांवरून काढले त्यांपैकी एक 'न्यूरलजीसीएम'. त्याची रचना आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. वातावरणाच्या मोठ्या हालचाली ते भौतिक समीकरणांनीच सोडविते. ढग, अभिसरण अशा ज्या सूक्ष्म घडामोडी समीकरणांच्या जाळ्यातून निसटतात, तेवढ्यांची दुरुस्ती मात्र नोंदींवरून शिकते. म्हणजे सिद्धान्त कायम ठेवून बीजसंस्कार. ग्राफकास्टसारखे प्रतिमान याच्या पलीकडे जाते. समीकरणे त्यात नाहीतच, आहेत त्या एकोणचाळीस वर्षांच्या नोंदींतून उमटलेल्या सवयी. ग्रहलाघवाने ज्या-चाप वगळले, याने गतिशास्त्रच वगळले. अचूकतेत ते समीकरणांच्या प्रतिमानांना अनेक कसोट्यांवर मागे टाकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हवामानच बदलत असताना, नोंदींत कधी न घडलेले उद्या घडू शकत असताना, या नव्या लाघवाचे बीज कोण आणि किती वर्षांनी तपासणार, हा केशवांचा प्रश्न त्याला विचारावाच लागेल.

तो मराठीत विचारता यावा इतकी शब्दसामग्री आपल्याजवळ आहे. वेध, अंतर, बीज, क्षेपक, करण, दृक्प्रत्यय हे शब्द दीक्षितांनी शेकडो वेळा, नेमक्या अर्थाने वापरले आहेत. त्यांना पाठीमागे ठेवून आमचे विज्ञानलेखक इंग्रजी संज्ञांची ओबडधोबड भाषांतरे घडवीत बसतात, याचे आश्चर्य वाटते. 'दृक्प्रत्यय' या एका शब्दात भाकीत प्रत्यक्षाशी पडताळून पाहण्याची सगळी क्रिया येते. 'वैधीकरण' म्हटल्यावर वाचकास सरकारी दाखल्याची आठवण होते.

जयसिंगांनी उज्जैनला उभारलेली वेधशाळा मोडकळीस आली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1923 साली तिची दुरुस्ती करविली आणि ती पुढे जिवाजी वेधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखे मराठी गणिती तिच्याशी जोडलेले होते, आणि ग्रहस्थितीचे पंचांग तेथून आजही निघते. दीक्षितांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले ते याच वेधशाळेच्या आर. व्ही. वैद्य यांनी. भाषांतराचा पहिला भाग 1969 मध्ये आणि केशव-गणेश ज्यात येतात तो दुसरा भाग 1981 मध्ये निघाला. सोळा घटकांचे प्रतिमान त्यानंतर सात वर्षांनी आले. भाषांतराचे दोन्ही भाग प्रसिद्ध केले होते भारतीय हवामान खात्यानेच.